हात वर करणारी माणसं

आमच्या मंडळीत हात वर करायला कुणी मागे राहत नाही. पुण्याहून आलेल्या वक्त्याने एका रविवारी कॉलरला माइक लावून पाचारणावर तासभर उपदेश केला आणि शेवटी डोळे मिटून विचारलं, "प्रभूने हाक मारली तर कोण जाईल?" सांगलीतल्या आमच्या चर्चच्या बाकांवर भराभर हात वर झाले. शेजारच्या बाईने हात वर करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही केला. त्या क्षणी माझ्या मनात देव नव्हता, ती बाई होती.

दोन आठवड्यांनी पाळकसाहेबांनी हात वर करणाऱ्यांची बैठक बोलावली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन, जातधर्म न बघता, सेवा करायची अशी योजना होती. चहा झाला, समोसे झाले. मग एकाच्या मुलाचा कॅनडाचा व्हिसा निघाला. एकीची सून बाळंत व्हायची होती. मंडळीचे एक पंच बँकेतून निवृत्त झालेले आहेत, सभेत सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो. ते म्हणाले, "मला शुगर आहे. पण मी तुमच्यासाठी प्रार्थनेत उभा आहे." पाळकसाहेबांनी मान डोलावून वहीत काहीतरी लिहिलं.

मला त्या सगळ्यांची किळस आली. माझी पाळी आली तेव्हा मी गुडघे पुढे केले. त्याच गुडघ्यांनी महिन्यापूर्वी मी पाचगणीचं अख्खं टेबललँड फिरून आले होते, ते मात्र सांगितलं नाही.

खरी गोष्ट वेगळी होती. मी तीस वर्षं नर्स होते, पण शेवटची नऊ वर्षं मेट्रन म्हणून खुर्चीत बसून ड्यूटीचे तक्ते लावले. इतक्या वर्षांत एका जखमेला हात लावला नव्हता. लोक मला अजून सिस्टर म्हणायचे आणि मी ते म्हणवून घ्यायचे. आपल्याला आता काही येत नाही, हे कुणाला कळेल याची मला धास्ती होती. शिवाय नवरा गेल्यावर प्रार्थनाही नुसती तोंडाने चालायची. पलीकडे कुणी ऐकतंय याची खात्री उरली नव्हती. अशा बाईने देवाच्या नावाने कुणाच्या दारात जायचं म्हणजे ढोंगच.

मग हॉस्पिटलच्या आमच्या जुन्या वॉर्डातल्या आयामावशीचा फोन आला. तिची बहीण माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे एका वस्तीवर राहते. मेंढरं-शेरडं राखणारी माणसं. बहिणीचा नवरा शेरडांसाठी कडुलिंबाचा पाला तोडताना झाडावरून पडला होता आणि कमरेखाली लुळा झाला होता. मुलगा मुंबईला. पडून पडून पाठीला जखम झालेली. "शिस्टर, तुमी एकदा येऊन बघा," मावशी म्हणाली. मी "बघते" म्हणाले आणि तीन आठवडे तिचा फोन उचलला नाही. चौथ्या आठवड्यात ती स्वतःच दारात आली. मला नाही म्हणायची लाज वाटली, एवढ्याच कारणाने मी निघाले.

विट्याला एसटी बदलून मी दहिवडीकडे गेले. वाटेत गळ्यातली क्रॉसची साखळी काढून पर्समध्ये टाकली. गावागावात हल्ली आमच्याकडे कशा नजरेने बघतात ते मला माहीत होतं. दिवसाढवळ्या, एसटीच्या खिडकीत बसून, कुणी काही विचारायच्या आधीच मी मागे सरले होते.

मावशीची ती म्हातारी बहीण दारातच उभी होती. काळीसावळी, ताठ, नऊवारीचा काचा मारलेला. मला वरून खाली बघून म्हणाली, "बघाया आलाय व्हय? बघणारं लय येऊन गेल्यात."

तिचा नवरा घोंगडीवर उताणा पडला होता. तिने घोंगडीची एक कड उचलून त्याला अशा काही सफाईने कुशीवर वळवला, की माझ्या हाताखालच्या कुठल्या पोरीला ते जमलं नसतं. माकडहाडाजवळ माझी मूठ जाईल एवढी जखम होती, आत काळं पडलेलं मांस. वासाने माझे डोळे भरून आले. मी हातमोजे चढवले, कापसाचा बोळा भिजवला आणि माझा हात थरथरायला लागला. म्हाताऱ्याला तो पाठीला जाणवला.

"हिचा हात कापतोय गं," तो भिंतीकडे तोंड करून बायकोला म्हणाला.

मी बाहेर जाऊन भिंतीआड ओकले. म्हातारीने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि मी चूळ भरेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तीस वर्सं हेच केलं म्हणं तुमी?"

"शेवटी शेवटी नाही केलं," मी म्हणाले. "खुर्चीत बसत होते."

"मग आता खाली बसा," ती म्हणाली आणि आत गेली.

मी आत जाऊन खाली बसले. त्या दिवशी कुठलं वचन आठवलं नाही, मनाला शांती वगैरे मिळाली नाही. फक्त त्या बाईसमोर पुन्हा उठून बाहेर जाणं अशक्य होतं. जखम धुतली, पट्टी केली, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मेलेलं मांस काढायला दहिवडीच्या एका डॉक्टरांना गळ घातली, ते मोटरसायकलवर येऊन काढून गेले. मी दर गुरुवारी जायला लागले.

तिसऱ्या गुरुवारी वस्तीवरचा एक निवृत्त फौजी दारात आला. बोलणं अदबीचं, नजर तपासणीची. "म्याडम, कुठल्या संस्थेच्या तुम्ही? पुस्तकं वगैरे वाटता काय?"

"छे. मी हॉस्पिटलची," मी म्हणाले. "ओळखीतून येते." तो गेला. मी खाली मान घालून पट्टी कापत राहिले. कात्रीला धार नव्हती, त्या कात्रीवर मी उगाच चिडले.

म्हातारी चूल फुंकत होती. म्हणाली, "किरिस्ताव हाय म्हणून सांगितलं असतं तर त्यो काय खानार हुता तुमाला? आमच्या भनीनं पैल्याच दिशी सांगितलंया. अन् गळ्यावर साखळीचा पांढरा वळ हाय की तुमच्या."

परतताना मी त्या फौजीच्या घरी गेले आणि अंगणातच सांगितलं, "मी ख्रिश्चन आहे. मघाशी भिऊन बोलले नाही. पुस्तकं वाटत नाही, पट्टी करते." "ठीक आहे," तो म्हणाला, आणि चहा विचारला. मी त्याला फार मोठं संकट समजून बसले होते.

तीन महिन्यांत जखम निम्म्यावर आली. चर्चला बातमी लागली. पाळकसाहेब, पंच आणि आणखी चौघं गाडी करून वस्तीवर आले, सोबत फळांची करंडी आणि मंडळीच्या नावाचा फलक. म्हाताऱ्याच्या उशाशी फलक धरून ते ओळीने उभे राहिले. वार्षिक अहवालासाठी फोटो हवा होता.

म्हातारी म्हणाली, "फोटू काढायचा तर त्याला पालथा करू द्या. जखम तिकडं हाय. ह्या अंगाला तर त्यो बरा दिसतोय."

फलक खाली आला. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी बाहेर गेले.

पुढच्या गुरुवारी विट्याच्या स्टँडवर पंच उभे होते. हातात पिशवी, खांद्यावर गुंडाळलेली हवेची गादी. "मी येतो," म्हणाले. मला वाटलं, एकदा येतील आणि सहा रविवार चर्चमध्ये सगळ्यांपुढे साक्ष देत बसतील. वस्तीवर जखम बघून ते घामाघूम होऊन खाली बसले, आणि म्हातारीने त्यांना गूळ खायला दिला तेव्हा मला बरंच वाटलं. शुगर खरोखरच होती त्यांना, उतरली होती. उठल्यावर त्यांनी विचारलं, "धुवायचं काय असेल ते द्या." म्हाताऱ्याची घाण झालेली फडकी त्यांनी हौदाजवळ उकिडवं बसून धुतली. पुढच्या गुरुवारीही आले, त्याच्या पुढच्याही. ह्या गोष्टीची साक्ष त्यांनी आजतागायत चर्चमध्ये दिलेली नाही.

मला ते अजून आवडत नाहीत. विटा ते दहिवडी ते अखंड बोलतात, बहुतेक स्वतःबद्दल. पण मी ज्याला इतकं तुच्छ समजत होते त्याने दुसऱ्याच खेपेला जे केलं, ते करायच्या आधी मी तीन आठवडे फोन टाळला होता.

एकदा एसटीत मी त्यांना विचारलं, "देव आपल्याला पाठवतो असं खरंच वाटतं तुम्हाला?"

ते म्हणाले, "रोज नाही वाटत. त्या दिवशी म्हातारी फोटोचं बोलल्यावर वाटलं होतं."

जखम आता रुपयाएवढी राहिली आहे. म्हातारा टेकून बसतो आणि दारातून शेरडं मोजतो. त्याच वस्तीवर आणखी दोन घरी आम्ही जायला लागलो आहोत. एका घरात अर्धांगवायू झालेली सासू आहे, ती मला शिव्या देते. फौजी तिला उचलायला मदतीला येतो. माझा हात अजून सुरुवातीला कापतो, पहिला बोळा टाकेपर्यंत.