निरोपाची किटली

बूजमाला खेळातून निरोप द्यायचा हे ठरलं मासळीच्या लिलावाच्या ओट्यावर, आणि ते एकट्या बूजमाला सोडून सगळ्या बंदराला ठाऊक होतं. त्याची बायको जहूर, तिलाही ठाऊक होतं. वर्गणी काढून आणलेली नवी कोरी किटली तिच्याच घरात, पिठाच्या पिंपात दडवून ठेवली होती. रोज भाकरीचं पीठ काढताना तिचा हात किटलीच्या तोटीला लागायचा आणि ती मनातल्या मनात नवऱ्याला चार शिव्या द्यायची. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

आमचं सीदी रहमून म्हणजे सार्डिन मासळीचं गाव. वारा, मीठ आणि मांजरं, ह्यांना कमी नाही. बूजमा जाळी शिवायचा. धक्क्यावर पाय पसरून बसायचा, उजव्या पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरायचा आणि लाकडी सुई चालवायचा. त्या अंगठ्याला बैलाच्या खुरासारखा घट्टा होता. त्याच अंगठ्यानं त्यानं वरच्या आळीला किती गोल मारले ह्याची मोजदाद कुणी ठेवली नाही, पण वरच्या आळीच्या पोरांना आया भीती घालायच्या ती भुताची नाही, बूजमाची.

वय विचारलं तर म्हणायचा, "जुना धक्का वाहून गेला त्या साली आलो मी." धक्का कधी वाहून गेला ह्यावरच गावात दोन तट. ह्याचं वय तेवढं मधल्यामधे निसटायचं.

आमचं मैदान समुद्राचं. ओहोटीला पाणी मागं हटलं की खालची ओली रेती उघडी पडते, फरशीसारखी घट्ट. मी वल्ह्याच्या टोकानं रेघा ओढायचो. दोन्ही अंगांना दोन-दोन वल्ही रोवली की झाले गोल. पाण्याच्या बाजूला मधोमध एक खुंटा. घड्याळ कुणी बघत नाही. ओहोटी तळाला गेली की खेळ सुरू, भरतीचं पाणी खुंट्याला लागलं की बाजू बदलायच्या, आणि पाण्याकडच्या वल्ह्याला लागलं की खेळ खलास. शिट्टी समुद्राची. त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नाही.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, ज्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ओहोटी सापडते त्या दिवशी, बंदर आळी आणि वरची आळी यांचा शेवटचा सामना. बक्षीस म्हणजे एक मेंढा. पोटात अन्न नाही, घशाला कोरड, आणि तरी माणसं अशी धावतात की जणू पलीकडच्या गोलात रोजा सोडायच्या हरीऱ्याचं, गरम सुपाचं, पातेलं ठेवलंय.

बूट आमच्यात कुणी घालत नाही. म्हणून बूजमाला कुणी "आता बूट खुंटीला टांगा" असं म्हणूही शकत नव्हतं. टांगायला बूट तर पाहिजेत.

पण त्या रमजानात त्याचा एकही गोल झाला नव्हता. आधीच्या सामन्यात तर रिकामा गोल समोर असताना गुडघ्यानं दगा दिला आणि गडी तोंडावर पडला. लोक हसले असते तर बरं झालं असतं. आजवर कितीदा हसलेत. त्या दिवशी अख्खी पुळण गप्प झाली. बूजमा उठला, तोंडातली रेती थुंकली आणि रोजा मोडू नये म्हणून तीनतीनदा थुंकत राहिला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बिच्चारा." ते त्याला ऐकू गेलं. माझ्यासमोर त्याचा कान हलला.

दुसऱ्या दिवशी त्याचा भाचा गफूर धक्क्यावर आला. गफूर आमच्या संघाचा म्होरक्या. गडी चांगला, पण बोलायला लागला की जाळ्यात सापडलेल्या खेकड्यासारखा आडवा चालायचा.

"मामा, गुडघा कसा हाय?"

"हाय तिथंच हाय. मांडी आन पोटरीच्या मधी."

"न्हाई म्हंजी... आपला इदर, त्यो नवा पोरगा, लई पळतोय आजकाल. सशासारखा."

"ससा पळतोयच की. गोल मारल्याला ससा बघितलास का कुठं?"

"मामा, तुमी आता शिकवायचं काम घ्या. कडंला हुभं ऱ्हायचं, वरडायचं."

"कडंला हुभं ऱ्हाऊन वरडायला मशिदीतलं फकीह हायेत की आपलं," बूजमा म्हणाला आणि दातानं दोरा तोडला. "तू असं कर गफूर. तुला जे बोलायचंय ते घरला जाऊन भित्तीसमोर बोलून बघ. सरळ बोलाय आलं की मग ये."

गफूर गेला. बूजमानं सुई खाली ठेवली. मग मला म्हणाला, "मेंढा गेला खड्ड्यात. मला पुढच्या साली बी खेळायचंय. त्याच्या पुढच्या साली बी. एवढंच हाय बघ."

त्याचा गुडघा मीही बघितला होता. जहूर आर्गनचं तेल कोमट करून चोळायची तेव्हा तो दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरायचा.

सामन्याच्या दिवशी मी रेघा ओढून होतो न होतो तोच सगळी मंडळी गोळा झाली. गफूर पुढं आला, त्याच्या मागं जहूर, हातात तबक, तबकात किटली. उन्हात अशी चमकत होती की बूजमानं डोळ्यावर हात धरला.

"हे काय गं?"

"मला काय इचारताय? भाच्याला इचारा," जहूर म्हणाली.

गफूरनं पाठ केलेलं भाषण सुरू केलं आणि तिसऱ्या शब्दाला अडकला. मग त्यानं आमच्या फकीहांना, सी मक्कींना, पुढं ढकललं. "फकीह, तुमीच दोन शब्द बोला. निरोपाचं."

आता सी मक्की म्हणजे तोंडात एक दात नाही, पण सामन्याला हजर नाहीत असा एक दिवस नाही. हातात तसबीची माळ, आणि पंचाला अशा शिव्या की शेवटी मण्यांवर माफी मागत बसायचे. त्यांना निरोपाची दुवा कुठली येणार? नवरीची येत होती, आजाऱ्याची येत होती, आणि रोज पहाटे धक्क्यावर म्हणायचे ती, समुद्रावर निघालेल्या होडीची. त्यांनी हात वर केले आणि होडीचीच धरली.

"या अल्ला, ह्याच्या पायात बळ दे!"

"आमीन!" लोक म्हणाले.

"ह्याच्या गुडघ्यात तेल घाल!"

"आमीन!"

"ह्याला वादळातनं तार, रिकाम्या हातानं परत पाठवू नगंस. आन दरसाल ह्याला हिथंच, ह्याच पाण्याच्या कडंला, आमास्नी दाखीव!"

"आमीन!" वरच्या आळीची माणसंही ओरडली. रमजानात, रोजा धरलेला असताना, दुवेला आमीन म्हणायचं नाही म्हणजे काय? सगळ्यात मोठा आवाज गफूरचा.

बूजमानं चेहऱ्यावरून हात फिरवले, किटलीला एकदा टिचकी मारून बघितली आणि तबक बायकोच्या हातात परत दिलं. "धर. सांजच्याला ह्यातच च्या कर." आणि लंगडत मैदानात निघाला.

"मामा! कुठं निघालाय?"

"खेळाय."

"आवं, निरोप झाला न्हवं तुमचा!"

"निरोप? पायात बळ मागितलंस आत्ता माझ्या. गुडघ्यात तेल मागितलंस. दरसाल हिथं दिसू दे म्हणलास. आमीन कुणी म्हटलं? माझ्या बानं?"

लोक फिदीफिदी हसायला लागले. गफूर फकीहांकडं वळला. "फकीह, काय केलंत वो हे!"

सी मक्की मणी ओढत होते. "रोजेदाराची दुवा हाय, लेकरा. ती काय उधारीवर आणल्याली कोंबडी न्हाई परत न्यायला."

म्हाताऱ्यानं चुकून केलं की मुद्दाम, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शेवटी गफूर बोटभर वाकला. "बरं. पाणी खुंट्याला लागूस्तवर. मग इदर आत."

"लागू दे की खुंट्याला. मग बघू."

बूजमाला धरायला वरच्या आळीचा हम्माद. हाही त्याच्याच जोडीचा, पोट सुटलेला, गालफडं बसलेली. कितीतरी सालं दोघं एकमेकांना असेच चिकटून खेळलेले. बायकांपेक्षा जास्त वेळ एकमेकांच्या घामात गेला असं दोघंही सांगायचे.

"आलास का रं पुन्यांदा?" हम्माद म्हणाला. "मला वाटलं किटली घिऊन घरला गेलास."

"तुला एकट्याला टाकून? रडशील की."

खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं बूजमाला चेंडू मिळाला, समोर फक्त गोलरक्षक. सगळी बंदर आळी उठून उभी राहिली. पाय फिरला, पण गुडघा पायाच्या मागनं आला. चेंडू वल्ह्यांच्या डोक्यावरून पार लाटेत गेला. एक गडी पोहत जाऊन घेऊन आला. पुन्हा तीच शांतता. मग वरच्या आळीनं एक गोल चढवला आणि निदान त्यांच्या बाजूला तरी आवाज झाला.

पाणी खुंट्याला लागलं.

इदर कडेला उड्या मारत उभा होता. गफूरनं हात केला. बूजमा चालत आला. कुणाकडं बघितलं नाही. अंगातला सदरा अर्धा वर ओढला आणि तसाच थांबला. डोकं सदऱ्यात, बाहेर नुसती पिकली छाती. मग सदरा परत खाली ओढला.

"गफूर, इदरला घे आत. माझ्या जाग्यावर घे."

"व्हय, मग द्या की सदरा."

"मला त्याच्या मागं हुभा कर."

"मागं?" गफूर बघतच राहिला. "मामा, जन्मात कधी कुणाला चेंडू दिलाय का तुमी? सख्ख्या भाच्याला बी दिला न्हाई!"

"न्हाई दिला. आता देतो. ती पुढची जागा जन्मभर माझी हुती, ती देतोय न्हवं? मग चेंडूचं काय घिऊन बसलाईस!"

हे बोलताना त्याचा आवाज असा निघाला की गफूर बाहेर कुणाला काढावं ते बघायला लागला. डाव्या अंगाच्या एका गड्याच्या पोटरीत गोळा आला होता, तो तसाही वाळूवर पडून कण्हत होता. गफूरनं त्याला बाहेर ओढलं. इदर पुढं गेला. बूजमा मागं, मधोमध, कमरेवर हात ठेवून उभा.

हम्मादला ह्याचं काय करावं कळेना. ससा धरावा तर तो हाताला लागत नाही, म्हाताऱ्याला सोडावं तर भरवसा नाही. शेवटी सवयीनं तो म्हाताऱ्याकडंच सरकला.

पाणी चढत होतं. धक्क्याकडून हरीऱ्याचा वास यायला लागला होता आणि निम्म्या लोकांचं लक्ष त्या वासात. तेवढ्यात चेंडू घरंगळत बूजमाच्या पायात आला, पाण्याच्या कडेच्या घट्ट रेतीवर. त्यानं मान वर केली, गोलाकडं बघितलं, उजवा पाय मागं नेला. हम्मादनं हा पाय उभ्या जन्मात हजारदा मागं जाताना बघितला होता. त्यानं अंग झोकून दिलं, पोटासकट आडवा पडला. आणि बूजमानं त्याच अंगठ्यानं चेंडू नुसता बाजूला टोकरला, सुईत दोरा ओवावा तसा, हम्मादच्या पोटाला वळसा घालून. पलीकडं इदर एकटा. त्यानं मारला. गोल.

बंदर आळी अशी ओरडली की मांजरंसुद्धा धक्क्यावरून पळाली.

हम्माद पाण्यात बसल्या बसल्या विचारतो, "आरं लबाडा, उभी हयात तुझ्या पायातनं चेंडू सुटला न्हाई. असं द्याया येत हुतं तर आधी का न्हाई दिलास?"

"आधी पळाय येत हुतं," बूजमा म्हणाला आणि हात पुढं केला. हम्मादला उठवताना दोघांचेही गुडघे वाजले.

थोड्याच वेळात लाट आली आणि वल्ह्याला लागली. खेळ खलास. बरोबरी. आमच्यात बरोबरी झाली की समुद्र जिंकला असं धरतात, आणि समुद्राला मेंढा खाता येत नसल्यामुळं ईदच्या दिवशी तो दोन्ही आळ्या मिळून खातात. कुणाचीच तक्रार नव्हती. बांग झाली, तिथंच पुळणीवर खजूर वाटले गेले, आणि जहूरनं नव्या किटलीत पुदिन्याचा चहा उकळला. पहिला पेला तिनं नवऱ्याला दिला नाही, इदरला दिला. बूजमानं ते बघितलं.

"पुढल्या साली?" गफूरनं विचारलं. ह्या खेपेला सरळ विचारलं.

"मागंच. पर हुभा हाय."

किटली घरी गेलीच नाही. ती संघाच्या खोपीत राहिली. दर सामन्याला तिच्यातच चहा. निरोपाची किटली हेच तिचं नाव पडलं. "जा रं, निरोपाची आण," असं म्हणायचं आणि ज्याचा निरोप त्यानंच ती विस्तवावर ठेवायची. बूजमा आता आणखी मागं सरकलाय, पार आमच्या गोलाजवळ आलाय. गफूर म्हणतो, असाच मागं मागं जात राहिला तर एक दिवस शेजारच्या बंदरात निघेल. पण खेळतो. पळत नाही, तरी चेंडू जिथं येणार तिथं आधीच उभा असतो.

यंदा रमजानच्या तोंडावर किटलीच्या बुडाला भोक पडलं. चहा विस्तवात गळायला लागला. बूजमानं ती उजेडात धरून भोकातून समुद्र बघितला.

"झाली का न्हाई म्हातारी! आमच्या आधी हीच गेली."

"आता नवी आणा मग," जहूर म्हणाली.

"आणू की. पर कुणाच्या निरोपाची?"

सगळ्यांनी गफूरकडं बघितलं. तो कडेला बसून आपला गुडघा चोळत होता. आता त्याच्याही केसांत मीठ उतरलंय. चोळता चोळता त्याचा हात थांबला.

"आणा," तो म्हणाला. "पर दुवा फकीहच मागतील. तीच. होडीची."