काळीचा बंड्या

मथुरा समुद्रकाठच्या तोंडवलीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. पन्नाशी उलटलेली, घरात एकटी. सोबतीला काळी नावाची कुत्री. दोन वर्षांपूर्वी माघात काळी आठवडाभर नाहीशी झाली आणि चैत्रात पडवीत व्याली. तीन पिल्लांतलं एकच जगलं. पण त्याचं तोंड निमुळतं, कान ताठ, अंगावर पिवळट करडी लव. तिन्हीसांजेला सुरूच्या बनात कोल्हे ओरडले की तेही मान वर करून तसाच लांब हेल काढायचं.

शेजारचा महादू म्हणाला, "गो मथुरा, ह्यो कुत्रो नाय, कोलो आसा! रानात सोड ह्येका."

"माज्या पडवीत जल्मलो. आता खंय सोडू?" मथुराने त्याचं नाव बंड्या ठेवलं.

कोल्ह्यांचा अभ्यास करायला आलेल्या अक्षया नावाच्या मुलीने त्याचे केस तपासायला पाठवले. उत्तर आलं तशी ती धावतच आली. "मावशी, आई कुत्री, बाप कोल्हा! हॉटेलांचं खरकटं, रापणीच्या जाळ्यातली फेकलेली मासळी... दोघंही आता तिथेच जेवतात. त्यातूनच हा झाला."

त्या दिवशी मथुरा त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली, आणि हात मध्येच थांबला. आपल्या दारात हे काय आलंय!

एकदा उजाडताना बंड्या किनाऱ्याकडे निघाला. ती मागोमाग गेली. टाकलेल्या मासळीवर तीन कोल्हे होते. बंड्या वाळूला पोट टेकवून सरकत गेला. त्यांतल्या म्हाताऱ्या कोल्ह्याने त्याला हुंगलं, मग सरकून जागा दिली.

तेवढ्यात होड्यांकडची चार कुत्री भुंकत सुटली. कोल्हे पळाले. बंड्या मात्र वळला, पाय रोवून उभा राहिला आणि भुंकला. आजवर त्याच्या तोंडून तो आवाज कोणी ऐकला नव्हता. कुत्री थबकली, गोंधळली, एकेक करून माघारी फिरली. कोल्हे तोवर बनात शिरले होते.

"बा देवा म्हाराजा!" मथुराचे हात आपोआप जुळले. बंड्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोही बनात गेला.

पडवीत झोपायला तो पुन्हा आला नाही. "गेलो मगे तुजो कुत्रो," महादू म्हणाला. कधीमधी सकाळी मथुरा किनाऱ्यावर गेली की बंड्या वीसेक हातांवर येऊन बसतो. ती हाक मारत नाही. माणसांची वर्दळ वाढली की तो उठून बनाकडे जातो, आणि मथुरा ओल्या वाळूवरची त्याची पावलं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते.