दिवा लावून केलेली घरफोडी

आई गेली तेव्हा माझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं. देश सोडला असता तर अर्जच बाद झाला असता, म्हणून तिचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं. लंडनमधल्या पिनरला ज्या काकूंकडे मी तीन वर्षं पेइंग गेस्ट होते, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता मीच तुझी आई." माझं डोकंच फिरलं. "तुम्ही घरमालकीण आहात, आई व्हायला जाऊ नका," असं तोंडावर बोलले आणि त्याच आठवड्यात वेम्बलीला खोली घेतली. जिभेला हाड नाही माझ्या, दुसरं काय.

तिथे गेल्यावर लक्षात आलं, आईने तिच्या जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी काकूंच्या कपाटातच राहिली. काकू फोन उचलेनात. गोधडीतला आईचा वास उडून जाईल, या एकाच विचाराने मी वेडीपिशी झाले. किल्ली माझ्याकडे होतीच. काकू नॉटिंगहॅमला लेकीकडे गेल्याचं कळलं, तशी डिसेंबरातल्या एका दुपारी गेले आणि गोधडी काढली. चार वाजत होते, अंधारून आलं होतं. तिन्हीसांजेला देव अंधारात कसे ठेवायचे? सवयीने दिवा लावला, वर उदबत्तीही. तिच्या धुराने स्मोक अलार्म कोकलायला लागला आणि नव्या शेजारणीने पोलिसांना बोलावलं. हात दाखवून अवलक्षण.

गोधडी पुराव्याच्या पिशवीत गेली. मी जामिनावर सुटले.

माझ्या वकील, सॉलिसिटर बाईंनी समजावलं, इथे घरफोडीला कुलूप फोडावं लागत नाही. परवानगी नसताना आत शिरायचं आणि शिरताना मनात चोरी असायची, एवढं पुरतं. शिरल्यावर चोरी सुचली आणि केली, तरी तोच गुन्हा.

"अहो, गोधडी माझीच आहे."

"आणि घरात यायची परवानगी?"

पहिल्या दिवशी किल्ली देताना काकू म्हणाल्या होत्या, "घर तुझंच समज, कधीही ये." माझ्या त्या बोलण्यानंतर तो शब्द उरला होता का, आणि गोधडी खरंच माझी का, हे फक्त काकूच सांगू शकत होत्या. त्या 'नाही' म्हणाल्या असत्या तर नोकरी, व्हिसा, सगळं गेलं असतं. जामिनाच्या अटीत त्यांना फोन करायला बंदी. साधी माफी मागायचीही सोय नव्हती. तीन आठवडे जीव टांगणीला लागला होता. मरायची भीती वाटावी तशी मला कोर्टाच्या टपालाची भीती वाटायची.

शेवटी सॉलिसिटर बाईंनी काकूंचा जबाब वाचून दाखवला. "घर तुझंच समज, असं मी तिला सांगितलं होतं. ते मी अजून मागे घेतलेलं नाही. गोधडी तिच्या आईची आहे. देवापुढे दिवा लावलेला होता हे ऐकलं, तेव्हाच कोण आलं होतं ते मला कळलं."

केस तिथेच मिटली. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

बाई थांबल्या होत्या. जबाबाची एक ओळ वाचायची राहिली होती.

"आता तिला माझी किल्ली परत करायला सांगा."