मिस्त्रीचा पत्रा, पेंटरची सही

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाडी तयार झाली की पेंटर मागच्या कोपऱ्यात, बारीक ब्रशनं, आपलं नाव टाकतो. ट्रक असो, रिक्षा असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो. पत्रा ठोकणारा नाव टाकत नाही. का टाकत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि इतकी वर्षं मला ते विचारावंसंही वाटलं नव्हतं. ती गाडी टीव्हीवर दिसली आणि मग माझं डोकं फिरलं.

मी पत्र्याचं काम करतो. शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला माझा गाळा आहे आणि भिंतीला भिंत लागून पेंटरचा. गिऱ्हाईक दोघांचं एकच. ठोकलेली गाडी आधी माझ्याकडं येते, मी ती सरळ करतो, मग ढकलत पलीकडं नेतो. तो मला मिस्त्री म्हणतो, मी त्याला पेंटर. माणूस गोड बोलतो, केस नीट विंचरतो, आणि गाडी न्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याच्याच गाळ्यासमोर उभं असल्यामुळं सगळं कौतुकही त्याच्याच पदरात पडतं. हे मला आधीपासून खुपायचं, पण पोटातल्या पोटातच.

एका टीव्ही मालिकेची माणसं आली ती जुन्या जीपची चेसी, म्हणजे नुसता खालचा सांगाडा घेऊन. कोल्हापूरच्या आसपास शूटिंग चालतं याचं आता कुणाला नवल नाही, पण आमच्या गाळ्यात ती पहिल्यांदाच आली होती. त्यांच्या साहेबानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. पुढून संस्थानी थाटाची मोटार, मागून बग्गी, आणि हीरोला ती शेतातल्या रस्त्यावरून पळवायची होती. असली गाडी कुठल्या कंपनीनं काढलीच नव्हती, त्यामुळं दुकानातून आणून बसवावं असं त्यात काही नव्हतं. मडगार्डची गोलाई मी हातानं काढली. मागं लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडी, दिवसभर तेच. साधारण मिस्त्री पत्रा कसाबसा आणतो आणि उरलेले खड्डे लांबीनं बुजवतो. लांबी म्हणजे लेप, भिंतीला लावतात तसलाच. मी हट्टानं लांबी लावू दिली नाही. पत्रा असा आणला की हात फिरवला तर तो कुठं अडकायचा नाही.

मग पेंटरनं डाळिंबी रंग मारला. असा चमकला की उन्हात बघवेना. साहेब आले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "वा पेंटर, वा!" आता चमक कशानं येते? खाली पत्रा लाटा मारत असला तर वरचा रंग काय कपाळ चमकणार? पण हे मी मनात म्हणालो. तोवर त्यानं कोपऱ्यात पिवळ्या रंगानं नाव टाकलंही होतं.

पहिल्या भागात हीरोची एन्ट्री होती. आम्ही सगळे घरी टीव्हीपुढं बसलो होतो. गाडी येते, थांबते, आणि कॅमेरा कुठून सुरू व्हावा? मागच्या कोपऱ्यातून. पडदाभर पेंटरचं नाव. बायको टाळ्या वाजवायला लागली आणि माझं तोंड बघून थांबली. "अहो, तुमचीच की गाडी," ती म्हणाली. मी म्हटलं, "कुठं लिवलंय?"

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडं फोन वाजायला लागले. गावातल्या पेपरात फोटो आला. पेंटर माझ्या मडगार्डला टेकून उभा, हाताची घडी घालून. त्या फोटोत मीही होतो, म्हणजे माझं कोपर होतं. मालिका चालली तोवर लोक लांबून गाड्या रंगवायला त्याच्याकडं येत होते. त्यातल्या ठोकलेल्या गाड्या माझ्याकडंही यायच्या, म्हणजे माझा धंदाही वाढला. पण जळणाऱ्या माणसाला फायद्याचं काही वाटत नाही.

पुढं मालिका अचानक गुंडाळली तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गाडी कुठल्यातरी शेडमध्ये धूळ खात पडेल, उंदीर सीट कुरतडतील आणि विषय मिटेल, असा माझा हिशेब होता. तर गडहिंग्लजच्या एका मंडपवाल्यानं ती उचलली आणि वरातीला लावली. टीव्हीवर निदान ती एका वेळेलाच दिसायची. आता रोज कुठल्या ना कुठल्या गावात नवरा-नवरी तिच्यात बसून मिरवायला लागली.

गडमुडशिंगीत बायकोच्या माहेरी लग्न होतं, तिथं मी ती गाडी डोळ्यांनी बघितली. पुढं डीजे, मागं डाळिंबी गाडी. पोरं कोपऱ्यातल्या नावाशेजारी तोंड घालून सेल्फी काढत होती. आणि पेंटर! त्याला मुलीकडच्यांनी खास बोलावून फेटा बांधला होता. मी घरचा जावई, मला पत्रावळीपुढं बसवलं. एक पाहुणा मला म्हणाला, "पावणं, ह्यो पेंटर लई मोठा कलाकार हाय. गाडी त्येनंच बनवलीया, म्हाईत हाय काय तुमास्नी?" मी जिलेबी पत्रावळीवर तशीच ठेवली.

नवऱ्या मुलाचे दोस्त बॉनेटवर चढून नाचले. पत्रा खाली बसला. चार दिवसांनी मंडपवाला गाडी घेऊन माझ्या गाळ्यात हजर.

"अण्णा, एवढं वर काढून द्या की ओ," तो म्हणाला.

"काढतो. रंगाचं बोलून ठेव पेंटरसंगं."

"रंग न्हाय आता. स्टिकर मारायलोय. सगळी गाडी झाकत्यात, गादीला अभ्रा घालावा तशी. पांढरी आन् सोनेरी. नवऱ्या मुलींना तसलंच पायजे."

मला क्षणभर कळेना, मग कळलं. रंग झाकणार म्हणजे ते पिवळं नावही झाकलं जाणार. मी बॉनेट इतक्या आनंदानं वर काढलं की हातोडी जड लागली नाही. पत्रा जसाच्या तसा राहणार होता, माझा, आणि वरचं सगळं जाणार होतं. ही बातमी पेंटरला मीच दिली. हातातलं काम टाकून मुद्दाम पलीकडं गेलो.

तो आला. बॉनेटवर तळहात फिरवला. मागं जाऊन वाकून आपलं नाव बघितलं. चेहऱ्यावर काही दिसेल म्हणून मी बघत होतो, काही दिसलं नाही. "झाकंना का," म्हणाला, आणि मंडपवाल्याचा नंबर मागून घेतला. मी ओळखलं, आता हा गयावया करणार, नाव तेवढं उघडं ठेव म्हणणार. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

लगीनसराईत एक वरात आमच्या रस्त्यावरून गेली. पांढरी-सोनेरी गाडी, पण मडगार्ड मी अंधारातही ओळखले असते. मी गाळ्यातून बाहेर आलो. गाडी पुढं सरकली आणि मागचा कोपरा दिसला. तिथं नाव होतं. माझं. सोनेरी अक्षरात, पूर्ण, आडनावासकट. वरातीमागं पळत जाऊन मी त्याचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला.

मंडपवाला स्टेअरिंगवर होता. मी विचारलं, "ही कुणाची अक्कल?"

"पेंटरची. मला म्हटला, माझं झाकायलास तर झाक, पण तिथं मिस्त्रीचं घाल. गाडी त्येची हाय, म्या नुसता रंग मारला. नाव लिवून घे म्हटला, तवा घातलं."

मी परत आलो तेव्हा पेंटर एका रिक्षाचं दार घासत बसला होता. वरात त्यानंही बघितली असणार.

"बघितलास न्हवं?" त्यानं विचारलं.

"बघितलं."

"तवाच घालायला पायजे हुतं. डोक्यातच आलं न्हाई बघ."

मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. "अक्षर बारीक पडलंय," एवढंच तोंडातून निघालं. तो हसला आणि दार घासायला लागला.

आता लोक मला फोन करतात. परवा साताऱ्याहून एकजण गाडी घेऊन आला, नाव वाचून. पेंटरच्या गाळ्यासमोरून तो सरळ माझ्याकडं आला आणि पेंटरनंच त्याला हात करून वाट दाखवली. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि पोटातलं दुखणं तिथंच आहे, उलट वाढलंय. कारण माझं नाव झाकलं जात असतं, तर मी त्याचं घालायला सांगितलं नसतं. हे मला पक्कं ठाऊक आहे. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलोय, म्हणजे हे त्यालाही ठाऊक होतं, आणि तरी त्यानं माझं नाव घातलं.