पुराच्या डबक्यात

माझ्या थोरल्या बहिणीला मी बाई म्हणते. तिचं सासर सावलीकडे, वैनगंगेच्या काठावर. त्या वर्षी धरणाचं पाणी सोडलं आणि नदी धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, शिरली. भाऊजी वावरातल्या गोठ्यावर बैल सोडायला गेले. बैल पोहत घरी आले. भाऊजी आले नाहीत.

रस्ता मोकळा झाल्यावर मी आरमोरीहून पोचले. पाणी उतरलं होतं, पण तिच्या खोलगट बांधीत मोठं डबकं साचलं होतं आणि त्यात मासोळ्याच मासोळ्या. अर्धं गाव जाळी, टोपल्या घेऊन उतरलं होतं. धान सडून गेलं होतं, घरात ओल. लोकांनी तरी काय खावं?

बाईही उतरली. तिच्याजवळ जाळं नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात वाकून ती दोन्ही हातांनी तळ चाचपत होती.

शेजारची म्हातारी म्हणाली, "अवो बाई, हातानं काय गवसन? माही टोपली घे."

"मले मासोळ्या नाई पायजे," बाई म्हणाली. "ते इथीच असतीन. वावर सोडून कुठी जातीन?"

म्हातारीचा हात तसाच राहिला. ज्यानं त्यानं आपलं जाळं गोळा केलं. पकडलेल्या मासोळ्या कुणी पाण्यात सोडल्या, कुणी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तशाच टाकल्या. मग म्हातारीनं बाईचा हात धरला, दुसऱ्यानं म्हातारीचा, आणि सगळे एका रांगेत पायांनी चिखल चाचपत या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत गेले. मीही होते त्या रांगेत. पायाला काही लागलं की रांग थांबायची. एकदा ओंडका निघाला, एकदा गोठ्याचं दार.

भाऊजी तिथे नव्हते.

पुढे नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावातून फोन आला. बांबूच्या बेटात अडकले होते. आम्ही गेलो, तर चेहरा ओळखू येत नव्हता. बाईनं बनियनला स्वतः घातलेली शिवण ओळखली. ती रडली नाही. उकिडवी बसली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "इतक्या दूर काऊन गेले वं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मला ठाऊक आहे आणि मी सांगत नाही.