माझे न झालेले सासरे

अंबादेवीच्या देवळातून राजकन्या रथात घालून नेण्याचा पराक्रम पुराणात एकदाच घडला. पण तोच पराक्रम दर रविवारी दुपारी अकोल्याच्या जठारपेठेत, आपल्या घराच्या पडवीत, नव्याने घडवून आणणारा आणि बहुतेक वेळा तो फसवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो माझा सासरा होता होता राहिला. झालेल्या सासऱ्याचं महत्त्व मी कमी लेखत नाही. ते हयात आहेत आणि माझं लिहिलेलं वाचतात. पण मी आज चार गोष्टी लिहितो आणि दिवाळी अंकवाले त्या छापतात, याचं जे काही पापपुण्य असेल ते न झालेल्या सासऱ्यांच्या खात्यावर जमा आहे. आमच्या घरात अकोल्याचा उल्लेख 'तुमची न झालेली सासुरवाडी' असाच होतो, आणि मी तिकडे निघालो की डब्यात एक पोळी कमी पडते.

पेशाने ते ड्रॉइंगचे मास्तर. वर्गात फळ्यावर ते काहीच काढत नसत. टेबलावर एक आंबा ठेवायचा आणि पोरांना म्हणायचं, "मले नका विचारू कसा काढाचा. आंब्याले विचारा." तपासणीला आलेल्या साहेबांनी याचा अर्थ विचारला तेव्हा मास्तरांनी आंबा त्यांच्या हातात दिला. बायको लवकर वारलेली. घरात ते, मुलगी विमल आणि एक करडा बोका. बोक्याला नाव नव्हतं, कारण त्याने ते कधी सांगितलं नाही, असं मास्तरांचं म्हणणं.

सारीपाट सगळ्यांनी पाहिलेला असतो: चार पट्ट्या, सोंगट्या, कवड्या आणि शेवटी भांडण. मास्तरांनी त्यातलं भांडण तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं बदललं. एका जुन्या चादरीच्या पाठीवर त्यांनी रंगांनी अख्खं वऱ्हाड काढलं होतं. वर गाविलगड आणि नरनाळ्याचे डोंगर, खाली लोणारचं तळं आणि त्याच्या काठचा राक्षस, उजवीकडे राजकन्येचं माहेर कौंडिण्यपूर, मधोमध अमरावतीचं देऊळ आणि या सगळ्यांतून, भूगोलाच्या मास्तरांना झीट यावी अशी, मनाला येईल तिकडे वळणारी पूर्णा नदी. खेळ म्हणजे ती जुनीच गोष्ट. राजकन्येच्या भावाने तिचं लग्न भलतीकडे ठरवलेलं, ती पूजेच्या निमित्ताने देवळात आलेली, आणि बाहेर तिच्या मनातला रथवाला उभा. पुराणात पुढे ती रथात बसते आणि गोष्ट संपते. इथे मात्र प्रत्येकाने एकेक सोंगटी घ्यायची, ती काय म्हणते, काय करते ते बोलायचं, मास्तर मध्ये अडचणी घालणार, आणि जमलं की फसलं ते सहा कवड्या ठरवणार. नावं मुद्दाम घ्यायची नाहीत. "नाव घेतलं का लोक हात जोडतात," मास्तर म्हणत, "अन हात जोडले का कवड्या कोन टाकंल?"

एकदा एक कीर्तनकार बुवा पाणी प्यायला म्हणून आले आणि खेळ पाहून उभेच राहिले. त्या रविवारी राजकन्या रथ चुकल्यामुळे देवळामागे बसून लोणारच्या राक्षसाबरोबर भाकर-ठेचा खात होती. बुवांचा चेहरा लाल झाला. "राजकन्या रथात बसून गेली मास्तर! ठरलेलं हाये ते!" मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमाले ठाऊक हाये बुवा. तिले कोठी ठाऊक होतं? ती तं पायरीवर उभी होती." गोष्ट कशी लिहावी यावर पुढे मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली, त्यातलं एकही या वाक्याच्या पुढे गेलं नाही.

राक्षस असायच्या शेजारच्या फुलवाल्या काकू. त्यांची फुलांची वाडी होती आणि आवाज इतका मऊ की गिऱ्हाईक भाव करायचं विसरून जाई. राक्षसाची सोंगटी आंब्याच्या कोयीची होती, केसांसकट. काकू तिला पदराने पुसून मगच चालवत आणि कोणाला खायच्या आधी "भाऊ, खाऊ का?" असं विचारत. चौथे खेळाडू पोस्टातले भाऊसाहेब. ते म्हणाले, "मास्तर, दीक्षा घेतली त्या दिवशी देव अन राक्षस दोन्ही सोडले मी. आता तुमच्या चादरीवर कशाले पुन्हा पाया पडू?" मास्तरांनी क्षणभर विचार केला. "मंग नदी व्हा." तेव्हापासून भाऊसाहेब पूर्णा नदी झाले, आणि अशी नदी मी पाहिली नाही. कोणाचंही सैन्य काठावर आलं की ते चष्मा काढून ठेवत आणि पूर आणत. "नदीजवळ लहानमोठा नसते," ते म्हणत. "राजा आला तरी पाणी तेवढंच."

मास्तरांच्या खेळाचे कायदे दोनच, पण ते त्यांनी चादरीवरून उचलून सगळ्या संसारालाच लावले होते. एक म्हणजे, ज्याची सोंगटी त्याचं तोंड. दुसऱ्याच्या सोंगटीतर्फे कोणी बोलायचं नाही, बाप असला तरी. विमलला ताप आला तेव्हा डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं, "काय होतंय पोरीला?" मास्तर म्हणाले, "तिले विचारा ना. ताप तिले हाये, मले कोठी हाये?" आणि दुसरा कायदा, पडलं ते दान. एकदा पडलेली कवडी पुन्हा टाकायची नाही, हलवायची नाही, तिच्याकडे पाहून उसासाही टाकायचा नाही. कितीतरी रविवारांनी एकदा काकूंचा राक्षस जिंकायला आला होता. कवड्या घरंगळत होत्या, तेवढ्यात बोक्याने पंजा मारून एक उताणी कवडी पालथी केली. काकू रडकुंडीला आल्या. भाऊसाहेबसुद्धा म्हणाले, की बोका खेळात नाही. मास्तर हलले नाहीत. "बोक्यानं पाडलं. पण पडलं ते दान." पुढचा आठवडाभर मास्तरांच्या देवांना फुलं मिळाली नाहीत.

अशा घरात मी अमरावतीहून, मामांना सोबत घेऊन, मुलगी पाहायला गेलो. तेव्हा मी नुकताच लिहायला लागलो होतो. माझ्या गोष्टींतल्या नायिका झुळझुळीत पातळं नेसत, खिडकीत उभ्या राहत आणि 'नाथ' असं म्हणून मूर्च्छित पडत. पोहे झाल्यावर मामांनी रिवाजाप्रमाणे मास्तरांना विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो ना?" मास्तर म्हणाले, "तिले विचारा." मुलीला थेट विचारायची मामांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी तो प्रश्न छताला विचारला. मग मास्तरांनी चादर पसरली. "नुसतं पाहून काय समजते? बसा खेळाले." माझ्या हातात रथवाला आला. राजकन्या विमलची.

मला काय, आयतंच व्यासपीठ मिळालं. मी घसा साफ करून सुरुवात केली, "हे विदर्भकन्ये, तुझ्या नेत्रकमलांतील या विरहाश्रूंनी..." आणि कितीतरी वेळ बोललो. काकूंनी राक्षस खाली ठेवला. भाऊसाहेबांची नदी आटली. शेवटी मी इतका रंगात आलो की थांबायचंच विसरलो आणि पुढचंही बोलून गेलो, "तेव्हा लज्जेने आरक्त होऊन राजकन्या म्हणाली, नाथ, ही दासी..."

"थांबा," विमल म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा तिने वर पाहिलं होतं. "माह्या सोंगटीचं तोंड तुमी काहून चालवून राहिले?"



"ती नाथ म्हणते, हे तुमाले कोनं सांगतलं?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो जावई मिळाल्याचा खास नव्हता. "बोल विमल. तुही सोंगटी काय म्हणते?"

"ती म्हणते, एवढं बोलत बसाल तं भावाचे शिपाई येतीन." तिने कवड्या टाकल्या. "अन हे पाहा, आले."

माझा रथ त्या दिवशी पूर्णेत बुडाला. भाऊसाहेबांनी पूर आणताना जराही दयामाया दाखवली नाही. परतीच्या टांग्यात मामा म्हणाले, की घर काही धड दिसत नाही. मी मात्र त्या घराच्या आणि त्या पोरीच्या पुरता प्रेमात पडलो होतो.

पुढे मी खटपट करून अकोल्याला बदली मागून घेतली आणि एका रविवारी निर्लज्जासारखा पडवीत जाऊन उभा राहिलो. मास्तर म्हणाले, "या, न झालेले जवाई!" आणि मला सोंगटी दिली ती रथवाल्याची नव्हे, रथाच्या घोड्याची. "घोडा बोलत नसते," त्यांनी समजावलं. मी बराच काळ घोडा होतो. घोड्याला करायला काही नसतं, म्हणून मी ऐकायला शिकलो. काकूंचा राक्षस भूक लागली की कसा बोलतो, भाऊसाहेबांची नदी कधी गप्प बसते, आणि विमलची राजकन्या दर रविवारी त्याच पायरीवर उभी राहून दर रविवारी वेगळं काय म्हणते, ते ऐकता ऐकता माझ्या गोष्टींतल्या बायकांनी मूर्च्छित पडणं सोडलं. लिहिलेलं मी मास्तरांना दाखवायचो. ते नायिकेच्या वाक्यावर बोट ठेवून एवढंच विचारत, "हे ती बोलली, का तू बोलला?" मी ते वाक्य खोडायचो. गोष्ट अडली की आजही मी टेबलाच्या खणातल्या सहा कवड्या काढतो. संपादकांना हे ठाऊक नाही, आणि त्यांनी हे वाचलं तर माझा नाइलाज आहे.

विमल शिकली, आणि एक दिवस तिला अमरावतीच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. झालं! जो माणूस मुलीच्या तापाबद्दलही तिच्या वतीने बोलत नव्हता, तो जठारपेठेत भेटेल त्याला सांगत सुटला, की विमलला अकोलाच आवडते. घरात मात्र तो हो म्हणेना, नाही म्हणेना. विमलने विचारलं की म्हणे, "रविवारी पाहू." ती गेली की घरात ते आणि भिंती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्या रविवारी मास्तरांनी घोडा माझ्या हातातून काढून घेतला आणि रथवाला ठेवला. कानाशी वाकून म्हणाले, "आज तू. पण कमी बोलजो." तिने मला हो म्हटलं असतं तर मी अकोल्यातच होतो आणि तीही अकोल्यातच राहिली असती. म्हातारा पक्का बेरकी. आणि माझ्या छातीत काय चाललं होतं ते मी सांगत नाही.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "रथ उभा आहे. यायचं असेल तर या."

विमलने माझ्याकडे पाहिलं, आणि हसली. "आज चांगलं बोलले तुमी." मग तिने राजकन्येवर बोट ठेवलं. "पण मले रथात नाही बसाचं. द्वारकेले नाही जाचं, अन कौंडिण्यपुरालेही वापस नाही जाचं. मले इथंच, अमरावतीत राहाचं हाये. माह्या पायानं."

मास्तर चादरीकडे पाहत राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "देवळाच्या दरवाज्यावर भावाचे शिपाई हायेत. लई हायेत. सहाच्या सहा उताण्या पडल्या, तरच वाट." इतकं कठीण दान त्या पडवीत कोणी कधी मागितलं नव्हतं. काकूंनी "मास्तर!" असं म्हटलं. विमलने कवड्या ओंजळीत घेतल्या, हलवल्या आणि टाकल्या. पाच उताण्या पडल्या. सहावी घरंगळत मास्तरांच्या मांडीपाशी गेली, आणि पालथी पडली. मी पाहिली. भाऊसाहेबांनी पाहिली. काकूंनी पाहून डोळे मिटले.

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मग दान नीट पाहायला म्हणून वाकले आणि सोगा सावरला. ते सरळ बसले तेव्हा कवडी उताणी होती.

"पडलं ते दान," मास्तर म्हणाले.

भाऊसाहेबांनी खिडकीकडे पाहत जाहीर केलं, की पूर्णेचा पूर ओसरला आहे. लोणारचा राक्षस पदराने डोळे पुसत होता. विमल उठून चहा टाकायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तिने राजापेठेत खोली घेतली. पुढे तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न ठरवलं, स्वतःच ठरवलं. लग्नात मास्तरांना कोणी मुलाबद्दल विचारलं की ते म्हणत, "तिले विचारा." मला त्या लग्नात जेवण गेलं नाही, हे लपवण्यात काही अर्थ नाही; जिलबी मात्र चांगली होती. अकोल्याचे रविवार पुढेही चालू राहिले, पण राजकन्येची सोंगटी मास्तरांनी कोणाला दिली नाही. ती चादरीवर अमरावतीच्या घरात उभी असायची आणि आम्ही तिला वळसा घालून खेळायचो. एकदा पोस्टातल्या नव्या पोराने ती हलवायला हात पुढे केला, तेव्हा मास्तर म्हणाले, "ते नको. तिची हाये. ती तिथं राहून राहिली."

काही वर्षांनी, मास्तर बरेच थकल्यावर, आम्ही दोघेच पडवीत बसलो होतो. चादर पसरलेली होती, खेळायला कोणी आलं नव्हतं. मी धीर करून विचारलं, "मास्तर, त्या दिवशी ती सहावी कवडी..."

त्यांनी चादरीवरच्या अमरावतीच्या घरातली राजकन्या सोग्याने पुसून पुन्हा तिथेच ठेवली. मग म्हणाले, "बोक्यानं पाडली असंल."

ती कवडी पडली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातच बोका मेला होता. परसातल्या लिंबाखाली त्याला पुरायला खड्डा मीच खणला होता. पण मी काही बोललो नाही. ज्याची सोंगटी, त्याचं तोंड.