साखराबाईकडं कुणी येईना

उदगीरपासून तीन कोसांवरच्या खेड्यात साखराबाई डोळ्यात गेलेलं काढून द्यायची. कुसळ असो की भुसा, पापणी उलटायची आणि जिभेच्या शेंड्यानं अलगद टिपून घ्यायची. खळी सुरू झाली की दिवसाला चार-पाच माणसं तिच्या दारात बसलेली असत.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षी दारात कुणी फिरकलं नाही. घरोघर माणसं अंथरुणावर होती. साखराबाईची सूनही तापानं फणफणत होती. अर्धं गाव झोपलंय, खळ्यावर आहेच कोण, असं साखराबाईला वाटलं.

एका सकाळी भुजंगची बायको सिंधू येऊन दुरूनच उभी राहिली.

"मावशी, मालकाच्या डोळ्यात कुसळ गेलंय. पाच दिस झाले."

"आन् आज सांगतीस व्हय?"

"तुमच्या घरात ताप हाय. ते म्हणले, डोळा गेला तर जाऊ दे, जीव तर राहील."

साखराबाई तशीच निघाली. भुजंग अंधारात डोळ्यावर फडकं धरून बसला होता. फडकं काढलं तर डोळा लालभडक, बुबुळावर पांढरा ठिपका. सवयीनं ती वाकली. भुजंगनं तोंड फिरवलं. तीही थबकली. सकाळपासून तिचा घसा खवखवत होता.

"जीभ न्हाई लावत," ती म्हणाली. "सिंधू, पाणी उकळ."

पदर तोंडाला बांधून तिनं मऊ धोतराच्या चिंधीची वात वळली, उकळत्या पाण्यातून काढून निवू दिली. जिभेला कळायचं ते बोटांना कळेना. भुजंगनं बाजेची कड घट्ट धरली. दुसऱ्या खेपेला कुसळ निघालं, पण अर्धंच. उरलेलं बुबुळात रुतलं होतं. तिनं हात मागं घेतला.

"सिंधू, गाडी जुंप. उदगीरच्या दवाखान्यात न्यावं लागतंय."

ती गाडीपासून अंतर ठेवून मागून चालत गेली. दवाखान्याच्या आवारात तापाची माणसं जमिनीवर पडली होती. भुजंग गाडीतून उतरेना.

"हितं उतरलो तर मरून जाईन, मावशी."

"भेऊन पाच दिस घालवले. आता आणखी घालवू नको. उतर."

डॉक्टरसाहेबांनी डोळ्यात थेंब टाकले आणि सुईनं तुकडा काढला. हात धुताना ते म्हणाले, "महिनाभर डोळ्याचा एकही मरीज आला नाही. मी समजलो, यंदा कुणाला काही झालंच नाही."

भुजंगचा डोळा राहिला. त्या डोळ्यानं बैल दिसे, बैलाची शिंगं कळत नसत. साखराबाईला ताप आला नाही. आठवडाभर वाट पाहून ती गावात निघाली. प्रत्येक अंगणाबाहेर उभी राहून विचारायची, "डोळ्याला कुणाच्या काय लागलंय का?"

चार जण निघाले. दोघांचं वातीनं भागलं, एकीला उदगीरला धाडलं. चौथा दगडोबा, एकटा राहणारा म्हातारा. बाभळीचा काटा लागून त्याचा डोळा केव्हाच गेला होता.

"मला का न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं.

"कुणाला सांगू?" दगडोबा म्हणाला. "सगळ्यांनी दारं लावली होती."

साखराबाई त्याच्या उंबऱ्याबाहेरच बसली.